थॉमस चाल्मर्स : घरोघर जाणारा पाळक

स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आपणा सर्वांना डॉ. जॉन विल्सन हे नाव परिचयाचे आहे. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मुंबईस आले. त्यांच्या मराठीची त्या काळी मोठी ख्याती होती. हे नेस्बिट आणि कलकत्त्यास गेलेले अलेक्झांडर डफ, दोघेही स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात एकाच गुरूच्या हाताखाली तयार झाले. ते गुरू म्हणजे थॉमस चाल्मर्स. विल्सन व नेस्बिट यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. या स्मरणिकेत थोडी जागा त्या गुरूसाठी.

चाल्मर्स यांचा जन्म १७ मार्च १७८० रोजी फाइफ परगण्यातील अँस्ट्रदर या समुद्रकाठच्या गावी झाला. अकराव्या वर्षी ते विद्यापीठात दाखल झाले. गणिताचे त्यांना वेड होते. १८०३ मध्ये किल्मनी या खेड्याचे पाळकपद मिळाले, तरी मन गणितातच होते. पाळकाचे काम उरकून आठवड्याचे पाच दिवस शास्त्राच्या अभ्यासाला मोकळे राहतात, असे त्यांनी छापूनही टाकले! पुढे दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले आणि तेथून माणूस पालटला. वीस वर्षांनी चर्चच्या महासभेत कोणीतरी ते जुने पत्रक वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी उभे राहून आपण चुकलो होतो असे सर्वांदेखत सांगितले.

१८१५ मध्ये ते ग्लासगोच्या ट्रॉन चर्चमध्ये आले. त्यांची खगोलशास्त्रावरील प्रवचने ऐकायला व्यापारी दुकाने सोडून येत. पण प्रवचनांची ही कीर्ती मला त्यांच्या आयुष्यातला दुय्यम भाग वाटते. चर्चमध्ये गर्दी असली तरी मागच्या गल्ल्यांत राहणाऱ्या विणकर-मजुरांपैकी त्या गर्दीत कोण असते, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याच्या उत्तरासाठी ते स्वतः दारोदार फिरू लागले.

१८१९ मध्ये सेंट जॉन्स हा नवा परगणा त्यांच्याकडे आला. सुमारे दहा हजार वस्ती, दोन हजारांच्या आसपास कुटुंबे; त्यांतील आठशेहून अधिक कुटुंबांचा कोणत्याही चर्चशी संबंध नव्हता. चाल्मर्स यांनी परगण्याचे पंचवीस भाग केले. प्रेस्बिटेरियन मंडळीत वडील आणि डीकन ही पदे पूर्वीपासूनची. पण डीकन तोवर बहुतेक ठिकाणी नावापुरतेही उरले नव्हते. त्यांनी ते पद जिवंत केले. प्रत्येक भागाला एक वडील आत्मिक काळजीसाठी आणि एक डीकन गरजूंची विचारपूस करण्यासाठी. हे दुकानदार, कारकून, कारखानदार असे नेहमीचे कामधंद्याचे लोक होते. साठ ते शंभर घरे, एवढाच प्रत्येकाचा पसारा. घरात कोण आजारी, कोणाचे काम सुटले, कोणाचा मुलगा शाळेत जात नाही, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

रविवारच्या शाळांनाही हाच नियम. शिक्षकाने शहरभरातून येतील ती मुले गोळा करायची नाहीत. आपली ठरलेली गल्ली घ्यायची आणि न येणाऱ्याच्या घरी जायचे. येणाऱ्यांना शिकवणे सोपे असते, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल. हे शिक्षक एकत्र जमून शिकवण्यातल्या अडचणींची चर्चा करीत. शिकवणाऱ्या प्रौढांचेही शिक्षण तेथेच होत असे.

गरिबांच्या मदतीची रीत मात्र आज वाचताना खटकते. सक्तीच्या करातून मदत देण्यास चाल्मर्स यांचा ठाम विरोध होता. कोणी मदत मागितली की डीकनने आधी पाहायचे : त्याला काम मिळेल का, नातेवाईक हात देतील का, शेजारी काही करतील का? हे सारे थकल्यावरच चर्चच्या दानपेटीकडे वळायचे. परगण्याचा गरिबांवरील वार्षिक खर्च १४०० पौंडांवरून २८० वर आला, हे त्यांच्या यशाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात. परंतु खर्च घटला म्हणजे हाल घटले, असे म्हणता येत नाही. ज्याचा शेजारीही उपाशी, त्याने कोणाकडे जावे? १८२३ मध्ये चाल्मर्स ग्लासगो सोडून गेले. योजना १८३७ पर्यंत तगली व मग बंद पडली. १८४५ च्या कायद्याने स्कॉटलंडने दुसरी वाट धरली. तरीही दार ठोठावून विचारपूस करणारा माणूस कोणत्याही कायद्याने पुरवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

ग्लासगोहून ते सेंट अँड्र्यूजला नीतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. तेथेही त्यांनी आपल्या घराजवळच्या गरीब मुलांची रविवारची शाळा सुरू केली. रविवारी संध्याकाळी विद्यार्थी त्यांच्या घरी जमू लागले आणि मग तेही गावात अशाच शाळा चालवू लागले. डफ आणि नेस्बिट हे त्याच पिढीचे. १८२८ मध्ये चाल्मर्स एडिंबरोला गेले. १८ मे १८४३ रोजी सरकारी हस्तक्षेपाच्या प्रश्नावरून चर्च फुटले. वेतन आणि घरदार सोडून चारशेहून अधिक पाळक बाहेर पडले. नव्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष चाल्मर्स झाले. मुंबईत विल्सन व नेस्बिटही त्याच बाजूला गेले.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, एवढा व्याप डोक्यावर असताना, त्यांनी एडिंबरोची वेस्ट पोर्ट ही बदनाम वस्ती निवडली. बर्क व हेअर यांच्या खुनांनी कुप्रसिद्ध झालेली तीच ती. सुमारे चारशे घरे, त्यांचे वीस भाग, प्रत्येक भागाला घरोघर जाणारे स्वयंसेवक. सुरुवात एका ओस पडलेल्या चामड्याच्या कारखान्याच्या माळ्यावर झाली. दिवसाची शाळा, रात्रीचे वर्ग, पुढे वाचनालय, बचत बँक, धुणीघर, मुलींसाठी कामशाळा. शाळेला थोडी का होईना, फी होती. फुकटची वस्तू माणूस टाकून देतो, असे त्यांचे मत.

फेब्रुवारी १८४७ मध्ये वेस्ट पोर्टचे चर्च उघडले. एप्रिलमध्ये तेथे पहिला प्रभुभोजनाचा विधी झाला आणि भोजनास बसलेल्यांत बहुसंख्य त्याच वस्तीतले होते. ३१ मेच्या सकाळी चाल्मर्स अंथरुणात मृतावस्थेत आढळले. त्या दिवशी महासभेपुढे त्यांना अहवाल मांडायचा होता. वेस्ट पोर्टचे काम विल्यम टास्कर या तेथल्या पाळकांनी पुढे चालवले.