देवळालीचे गणितवेडे गुरुजी

मित्रांनो, ही संख्या नीट बघा: १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच! ओळीने नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा, की ही तयार होते. आधी लहान करून बघा. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१.

अशा संख्यांना डेमलो संख्या हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डेमलो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन, जुनं नाव. तिथेच त्यांना ही कल्पना सुचली म्हणे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असतानाच आई वारली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड चालायचीच. शाळा ठाण्याला आणि कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस त्यांनी मिळवलं. १९२९ ला पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला मास्तरकी केली.

त्यांनी संख्यांच्या जाती पाडल्या. आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या. १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आता वरच्या सतरा आकडी संख्येची बेरीज करा. ८१ येते. ८१ ने भाग द्या, बाकी शून्य! म्हणजे तीही हर्षदच. भागाकार किती येतो ठाऊक आहे? १२३४५६७९ चा वर्ग. त्यात ८ तेवढा गळाला आहे.

पण मोठमोठ्या गणित्यांना हा पोरखेळ वाटे. मोठी पदवी नाही, साधा शाळामास्तर, त्याचं कोण ऐकणार? गुरुजी पदरमोड करून परिषदांना जात, पुस्तिकाही स्वतःच छापत. नोकरी संपल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. आकडे काही सोडले नाहीत. अखेर १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. १९८६ साली ते वारले.

त्यांचा ६१७४ तर फारच प्रसिद्ध. ३५२४ घ्या. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च! चारही आकडे सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फार तर सात वेळा वजाबाकी लागते. पालकांनीही पाटी घेऊन बसायला हरकत नाही.