ह्युएनत्संग

आमच्या विद्यार्थ्यांस ह्युएनत्संग हें नांव ठाऊक असतें, परंतु हर्षाच्या प्रकरणांतील दोन ओळींपलीकडे त्याची ओळख सहसा होत नाहीं. हा चिनी भिक्षु इ. स. ६२९ मध्यें राजाज्ञा मोडून स्वदेशाबाहेर पडला व ६४५ मध्यें परतला. मधलीं सुमारें सोळा वर्षें तो परका म्हणून जगला. चेहरा, वर्ण, उच्चार, कांहींच लपण्यासारखें नव्हतें. गंगेवर लुटारूंनीं त्यास पकडलें, तेव्हां त्याचें देखणें रूप पाहूनच देवीला बळी देण्यासाठीं त्याची निवड केली. अवचित सुटलेल्या वादळानें ते भ्याले, म्हणून तो वांचला.

या परकेपणावर त्यानें विद्येचा उपाय केला. नालंदा येथें वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणांपाशीं बसून त्यानें शास्त्रें इतकीं आत्मसात केलीं कीं, पुढें तेथील भिक्षूंनाच तो शिकवूं लागला. त्यानें संस्कृतांत ग्रंथ रचला. मोक्षदेव, महायानदेव अशीं नांवें त्यास येथेंच मिळालीं.

सुमारें ६४१ मध्यें तो महाराष्ट्रांत आला. ज्या भीमेच्या खोऱ्यांत आमचें यवत आहे, तें तेव्हां बदामीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होतें. दुसऱ्या पुलकेशीचे मदिरेनें मत्त केलेले हत्ती, उपकार न विसरणारे व अपमानाचा सूड घेणारे लोक, हें सर्व त्यानें नोंदविलें. यांतील उपकाराचा भाग आम्ही अभिमानानें सांगतों. सुडाचा भाग मात्र हळूच गाळतों!

तो स्वदेशीं निघाला, तेव्हां नालंदेच्या भिक्षूंनीं त्यास फार आग्रह केला. बुद्धाची भूमि सोडून म्लेंच्छांच्या देशांत कशास जातां, असा त्यांचा भाव होता. त्यांत प्रेम होतें, पण त्याच्या जन्मभूमीची अवहेलनाही होती. ह्युएनत्संगानें ती ऐकून घेतली नाहीं. आपल्या देशांतील न्याय, सदाचार व विद्येचा आदर त्यानें नम्रपणें पण स्पष्ट सांगितला. आमच्या मतें त्याच्या चरित्रांतील सर्वांत थोर प्रसंग हाच. ज्यांचें अन्न खाल्लें व ज्यांपासून ज्ञान घेतलें, त्यांच्यापुढें असें बोलणें सोपें नसतें.

वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून तो चांगआनला पोहोंचला आणि ६६४ मध्यें मृत्यु येईपर्यंत भाषांतर करीत राहिला. मध्यंतरीं महाबोधि विहारांतील प्रज्ञादेवानें त्यास पत्र व सुती वस्त्रांची जोडी पाठविली. कान्यकुब्जाच्या सभेंत या दोघांचा कडाक्याचा वाद झाला होता! ६५४ मध्यें ह्युएनत्संगानें भारतांतील स्नेह्यांस उत्तरें धाडलीं. त्यांत दिवंगत शीलभद्रांविषयीं शोक होता. शिवाय परततांना सिंधु ओलांडतेवेळीं जे ग्रंथ वाहून गेले, त्यांची यादी देऊन नव्या प्रती पाठविण्याची विनंती होती.