कै. डॉ. आनंदीबाई जोशी

वाचकहो, अलिबागेस समुद्रातील कुलाब्याचा किल्ला पाहण्यास आपणांपैकी पुष्कळ जण गेले असतील. त्याच गावी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पोस्टातील एका कारकुनाच्या बिऱ्हाडी एक लहान मुलगी पुस्तक घेऊन बसत असे. ती त्या गृहस्थाची कन्या नव्हे, पत्नी होती.

तिचे माहेरचे नाव यमुना. जन्म ता. ३१ मार्च १८६५ चा, घराणे कल्याणचे. आई फार कठोर. मारावयास हाती येईल ते घेई. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी या सुमारे वीस वर्षांनी वडील अशा बिजवराशी झाले व ती आनंदी झाली. गोपाळरावांची बदली अलिबागेस झाली, तेथेही त्यांनी तिचे शिक्षण नेटाने चालविले. त्या काळी बायकोस शिकविणारा पुरुष विरळा, म्हणून त्यांची स्तुती होते व ती योग्यच आहे. परंतु अभ्यास चुकला की तेही तिला मारीत, वस्तू फेकून मारीत, सोडून जाण्याचा धाक घालीत. हे पुढे आनंदीबाईंनीच पत्रातून त्यांस स्पष्ट कळविले. चरित्रकाराने ते झाकून ठेवावे असे आम्हास वाटत नाही.

बाळपणी सोसलेला मार व धाक मोठेपणीही शरीरास सोडीत नाही, हे आता वैद्यांस ठाऊक झाले आहे. अमेरिकेत फेलिटी व आंडा या डॉक्टरांनी सुमारे साडेनऊ हजार प्रौढ माणसांस बाळपणच्या हालअपेष्टांविषयी विचारले. त्या जितक्या प्रकारच्या, तितके पुढे आजार अधिक, असे त्यांना १८९८ साली नव्हे, तर पुरती शंभर वर्षे उलटल्यावर, १९९८ साली प्रसिद्ध करता आले. तेव्हापासून मुलांचे डॉक्टर तापाबरोबर घरची स्थितीही विचारू लागले आहेत, आणि मुलास सांभाळणाऱ्या आईची विचारपूस हाही त्यांच्या उपचाराचा भाग होऊ लागला आहे.

आनंदीबाईंची विचारपूस करणारे कोणी नव्हते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. आई स्वतःच मूल! योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही व ते बालक दहा दिवसांत वारले. पुरुष डॉक्टरास दाखविण्याची लाज आणि स्त्री डॉक्टर नाही, या कोंडीत बायका-मुले मरतात, हे त्यांनी ओळखले व आपणच डॉक्टर व्हावे असे मनात घेतले.

गोपाळरावांनी मिशनरी वाइल्डर साहेबांस मदतीसाठी लिहिले. धर्मांतर केल्यास मदत होईल असे उत्तर आले. ते त्यांना मान्य झाले नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेत छापला गेला व न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर या ख्रिस्ती बाईंच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आपले घर उघडले. १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी स्त्री डॉक्टरांची गरज सांगितली, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असेही सांगितले. हे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही. तथापि त्यांचा सरळपणा कार्पेंटरबाईंस खटकला नाही, मग आम्हास का खटकावा?

त्याच वर्षी त्या एकट्या समुद्रापार गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकताना थंडीने प्रकृती खालावली, पण अभ्यास सुटला नाही. पदवीसाठी निबंध लिहिला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. त्या परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला; बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली, व त्यांनी ती पोकीप्सी येथील दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेविली.