ह्यू लाँगबोर्न कॅलेंडर

ह्यू लाँगबोर्न कॅलेंडर (१८ एप्रिल, १८६३ - २१ जानेवारी, १९३०) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत रोध मोजून तापमान ठरविणाऱ्या रोध तापमापीला त्यांनी विश्वासार्ह स्वरूप दिले.

जीवन

कॅलेंडर यांचा जन्म इंग्लंडमधील हॅथरॉप येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेतल्यावर त्यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे.जे. थॉमसन यांच्या हाताखाली संशोधन केले. १८९३ साली ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८९८ मध्ये त्यांनी सोडलेल्या पदावर अर्नेस्ट रदरफर्ड यांची नेमणूक झाली. १८९४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९०६ साली त्यांना रम्फर्ड पदक मिळाले. हवामान-अभ्यासक गाय स्टुअर्ट कॅलेंडर हे त्यांचे पुत्र होत.

प्लॅटिनम तापमापी

विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये रोध तापमापी मांडली होती. परंतु तापविल्यानंतर तिचा रोध कायमचा बदलतो, असे चाचणीत आढळल्याने ती मागे पडली. शुद्ध तार ताण न देता गुंडाळली व दूषित होऊ दिली नाही, तर रोध स्थिर राहतो, हे कॅलेंडर यांनी १८८६ मध्ये सिद्ध केले. दोष प्लॅटिनमचा नसून रचनेचा होता.

जोडतारांचा रोध

वेटोळ्यापासून मापकापर्यंत जाणाऱ्या तारांचाही रोध मोजणीत मिसळतो आणि तो तापमानानुसार बदलत असल्याने ठरावीक आकडा वजा करून भागत नाही. म्हणून कॅलेंडर यांनी शेजारीच तशाच तारांची आणखी एक जोडी ठेवली. तिची टोके वेटोळ्याजवळ एकमेकांस जोडलेली असत. ही जोडी व्हीटस्टन सेतूच्या लगतच्या भुजेत घातल्याने दोन्ही जोड्यांचे रोध एकमेकांस छेद देत व केवळ वेटोळ्याचा रोध उरे.

वारसा

१९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत प्लॅटिनम तापमापीला प्रमाण उपकरणाचे स्थान मिळाले. आज पुणे परिसरासह सर्वत्र कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या पीटी-१०० संवेदकाचा रोध ०° सेल्सियसला १०० ओहम असतो व दर अंशाला सुमारे ०.३९ ओहमने वाढतो. त्यामुळे दोन तारांच्या जोडणीत तारांचा एकूण रोध १ ओहम असला, तरी तापमान सुमारे २.६ अंशांनी जास्त दिसते. तीन तारांच्या जोडणीत सर्व तारांचा रोध समान असेल तरच ही चूक नाहीशी होते. चार तारांच्या जोडणीत ती अटही उरत नाही.