वसईचे संत गोन्सालो गार्सिया

सोळाव्या शतकांत वसई येथें जन्मलेले गोन्सालो गार्सिया किशोरवयांत येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली. परंतु त्या संघांत प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा सफल झाली नाहीं. कांहीं काळ व्यापार करून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले. १५९३ सालीं दुभाषी म्हणून ते जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांजपुढें उभे राहिले. पुढें त्यांच्याच आज्ञेनें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर मरण आलें. १८६२ सालीं त्यांना संतपद लाभलें. विद्यार्थिमित्रहो, नकारानें न खचतां वांट्यास आलेलें लहान कामहि शेवटपर्यंत निष्ठेनें करणें, हीच ह्या संताची खरी भक्ति होय.