डॉक्टरीकडून समाजशास्त्राकडे : प्रा. टॅल्कट पार्सन्स

मुलाने डॉक्टर व्हावे ही इच्छा आपल्या घराघरांत असते. टॅल्कट पार्सन्स हा अमेरिकन मुलगाही डॉक्टर व्हायचे म्हणूनच जीवशास्त्र शिकू लागला होता. तो डॉक्टर झाला नाही; पण डॉक्टर आणि रोगी यांच्या नात्याविषयी त्याने जे लिहिले, ते जगभर अभ्यासले जाते.

पार्सन्स यांचा जन्म १३ डिसेंबर १९०२ रोजी कोलोराडो स्प्रिंग्ज येथे झाला. वडील धर्मोपदेशक व प्राध्यापक. अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात असतानाच त्यांचे मन सामाजिक शास्त्रांकडे वळले. १९२४ मध्ये पदवी मिळाल्यावर ते लंडनला व तेथून जर्मनीत हायडेलबर्गला गेले. तेथे दिवंगत समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या ग्रंथांनी त्यांना भारून टाकले. १९२७ साली ते हार्वर्ड विद्यापीठात आले खरे, परंतु कनिष्ठ अध्यापकाच्या जागेवर त्यांना नऊ वर्षे काढावी लागली! १९३७ साली त्यांचा सामाजिक कृतीवरील पहिला मोठा ग्रंथ निघाला.

याच काळात ते बोस्टनच्या रुग्णालयांत जाऊन डॉक्टरांचे काम पाहू लागले. त्यातून जे हाती आले ते १९५१ सालच्या 'द सोशल सिस्टम' या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात आहे. आजारपण ही केवळ शरीराची अवस्था नसून समाजाने दिलेली एक भूमिका आहे, असे त्यांनी मांडले. आपल्या शाळेतील रजेचा अर्जच पाहा ना. ताप आलेल्या मुलाला वर्गातून सूट मिळते आणि आजाराबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. मात्र त्याने बरे होण्याची इच्छा धरली पाहिजे, जाणकार वैद्याकडे जाऊन त्याचे ऐकले पाहिजे. दोन सवलती, दोन कर्तव्ये! डॉक्टरानेही स्वतःच्या कमाईपेक्षा रोग्याचे हित पुढे ठेवावे, हे त्या व्यवसायाचे बंधन त्यांनी दाखविले.

टीकाही पुष्कळ झाली. मधुमेहासारखा जन्माचा आजार असलेल्याने 'बरे' कधी व्हायचे? ज्याची रोजी बुडते त्याला कसली सूट? माझ्या मते हे आक्षेप रास्त आहेत. शिवाय त्यांची भाषा इतकी अवघड, की सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली तिची यथेच्छ टर उडविली.

१९७३ साली पार्सन्स निवृत्त झाले, तरी त्यांची व्याख्याने थांबली नाहीत. पदवीला पन्नास वर्षे झाली म्हणून हायडेलबर्गला त्यांचा गौरव झाला. त्याच प्रवासात ८ मे १९७९ रोजी म्युनिक येथे ते वारले.