झाडावरची घरे टिपणारा कर्नल

भोर-वेल्ह्याच्या रानात एखाद्या झाडाच्या फांदीवर तपकिरी, खवल्याखवल्यांचा गोळा दिसतो. नवख्याला ते मधमाश्यांचे पोळे वाटते. प्रत्यक्षात ती मुंग्यांची वसाहत असते. सह्याद्रीतील या मुंग्यांची शास्त्रीय जगाला ओळख करून दिली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी.

इंग्लंडमध्ये १७९० साली जन्मलेले साइक्स वयाच्या चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. ते हिंदुस्तानी आणि मराठी शिकले. पेशवाई बुडविणाऱ्या खडकी व पुण्याच्या लढायांत ते कंपनीच्या बाजूने लढले. १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली आणि शिपायातला निसर्ग-अभ्यासक पुढे आला.

पुण्यातील कवायतीच्या मैदानाजवळ त्यांना गवताच्या बियांचे लहान लहान ढीग आढळले. पावसात भिजलेले कोठारातले धान्य मुंग्या उन्हात वाळवत होत्या. मुंग्या धान्य साठवतात, ही पूर्वापार समजूत युरोपातील अनेक अभ्यासकांनी तोवर मोडीत काढली होती. तिकडच्या कडक हिवाळ्यात मुंग्या गारठून पडून राहतात, त्यांना कोठार कशाला, असा त्यांचा तर्क. साइक्स यांच्या निरीक्षणाने त्याला छेद दिला.

१८२९ च्या अखेरीस सरकारने त्यांचे पदच रद्द केले. साइक्स यांनी बढती घेऊन पलटणीत परतण्याऐवजी विनावेतन काम पुरे केले आणि १८३१ मध्ये ते मायदेशी निघाले. पुढच्याच वर्षी त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. १८३५ मध्ये मुंग्यांवरचा निबंध आला. शेणाचे पातळ पापुद्रे कौलांसारखे एकावर एक रचून, वर टोपीसारखे आच्छादन घालून मुंग्या पाऊस कसा अडवतात, हे त्यात नोंदले आहे. या जातीला त्यांनी कीटकतज्ज्ञ विल्यम कर्बी यांचे नाव दिले.

पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मॉग्रिज या अभ्यासकाने दक्षिण युरोपातही धान्य साठवणाऱ्या मुंग्या असल्याचे ग्रंथरूपाने दाखवून दिले.

ही घरे जिवंत फांदीच्या आधाराने उभी राहतात. उन्हाळ्यातला एक वणवा किंवा कुऱ्हाडीचा एक घाव हजारो मुंग्यांची वसाहत संपवू शकतो. सत्ताधाऱ्यांचा अधिकारी असूनही साइक्स यांनी पायदळी येणाऱ्या जिवाची दखल घेतली. ती दृष्टी आज इथल्या रानाला हवी आहे.